गावकीचं भगुनं

निवृत्त झाल्यापासून लोक मला खून आणि दरोडेच विचारतात. पंगतीत बसलो तरी शेजारचा म्हणतो, साहेब, एखादी थरारक केस सांगा की. मी सांगतोही. पण खरं विचाराल तर आजही मनातून जात नाही ते एक पितळेचं भगुनं. त्या प्रकरणात रक्त सांडलं नाही आणि पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. त्यातली माणसं आजही आहेत, आणि बाजारात भेटली की मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

मी तेव्हा वडवणीच्या बाजूला एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या जिल्ह्यातली बरीच गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं, गुरं आणि त्यांना सांभाळायला मागे राहिलेले दोघे-चौघे. लग्नकार्यं सगळी परत आल्यावर. म्हणून अशा गावात गावकीच्या वस्तूची चोरी झाली तर तिचा पत्ता महिनोन्‌महिने लागत नाही.

तसंच झालं. एका गावानं वर्गणी काढून पंगतीची भांडी केली होती. तांब्याचे हंडे, परात, आणि दोन माणसांना उचलावं लागेल असं एक पितळेचं भगुनं, म्हणजे भात शिजवायचं मोठं पातेलं. ती देवळामागच्या खोलीत असायची आणि खोलीची किल्ली देवळातल्याच खुंटीला. गाव परत आलं, पहिलं लग्न ठरलं, भांडी काढायला माणसं गेली तर खोली रिकामी. कुलूप मात्र शाबूत. आम्ही फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, मागे राहिलेल्या सगळ्यांचे जबाब घेतले. सगळ्यांचं एकच, "आमाला काय ठाव न्हाई, साहेब." कुलूप न फोडता चोरी म्हणजे माहीतगार माणूस, एवढं कळायला पोलीस असावं लागत नाही. पण माहीतगार तर अख्खं गाव होतं.

मग खबर आली, तीही तहानेमुळे. लग्नघरातला एक जण आठवडी बाजाराला आला होता. उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून भांड्यांच्या एका दुकानापुढच्या पाणपोईवर थांबला. ओगराळ्यानं पाणी काढायला वाकला आणि तसाच राहिला. पाणी भरलेल्या भगुन्याची एक कडी पितळेची होती आणि दुसरी लोखंडी सळईची. ती सळई त्याच्याच चुलत्यानं आपल्या बैलगाडीची काढून बसवली होती. पाणी न पिताच तो ठाण्यावर आला. त्याच्या मागून अर्धं गाव आलं.

मी पोहोचलो तेव्हा दुकानापुढे ही गर्दी. दुकान एका विधवा बाईंचं, साठीच्या घरात असतील. सगळा बाजार त्यांना मावशी म्हणायचा. त्या दिवशी मात्र "चोरट्या मालाची मावशी" असं कोणीतरी ओरडलं आणि चार जण हसले. शेजारचे दुकानदार आपापल्या पायरीवर उभे राहून बघत होते. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी चहाची देवाणघेवाण केली, त्यांच्यातला एकही पुढे आला नाही. मावशी गल्ल्याला धरून उभ्या होत्या. त्यांचं सगळं काही ते दुकान होतं, आणि बाजारात एकदा नाव गेलं की दुकानाला कुलूप लावायला पोलीस लागत नाहीत.

मी गर्दी हटवली, भगुनं पंचांसमोर जप्त केलं. त्याच्या काठावर गावाचं नाव असायला हवं होतं, तिथं कानशीनं खरवडलेली पट्टी होती. हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, नाव खोडलेला माल घेतलाय. सरळ सरळ आत घेऊ." आमचे हवालदार माणूस चांगले, पण त्यांना जेवणाची वेळ झाली की सगळे गुन्हे सरळ सरळ वाटायचे.

साक्षीदार बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो, तिला ठाण्यात बोलवायचं नसतं. ही गोष्ट लोकांना माहीत नाही, आणि काही पोलीसही माहीत नसल्यासारखं वागतात. मी महिला शिपाई बरोबर घेऊन दुकानाच्या वरच्या खोलीत गेलो. मावशींनी आधी सांगितलं, फेरीवाल्याकडून घेतलं. फेरीवाला कुठला, विचारलं तर पाटोद्याचा. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं तर तो घाटनांदूरचा झाला.

"मावशी, फेरीवाला बसनं फिरतोय का?" मी म्हणालो. "खरं सांगा. खोटं बोललात तर मलाही तुम्हाला वाचवता यायचं नाही."

त्या रडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "शेजारचा म्हनला, पावती नसली तर आत टाकतेत. म्हनून बोलले. एक मानूस आलता थंडीत. जुनी भांडी मोडीत घातली अन् नवी नेली. हेच्यापरीस मला काय ठाव न्हाई. चोरीचं घेतलं म्हनून मी बी चोर का, साहेब?"

हा प्रश्न पुढे मला कितीतरी दुकानदारांनी विचारला आहे, मोबाईलवाल्यांनी, भंगारवाल्यांनी, जुन्या मोटारसायकली घेणाऱ्यांनी. उत्तर साधं आहे. माल चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं का, किंवा तसा संशय यावा असं समोर काही होतं का, हे कायदा बघतो. होतं आणि डोळेझाक केली, तर गुन्हा. नव्हतं, तर गुन्हा नाही. पण वस्तू मात्र मूळ मालकाकडेच जाते, आणि तुमचं नुकसान तुम्ही विकणाऱ्याकडून मागायचं.

"मग नाव खरवडलेलं दिसलं नाही का?" मी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कधी बाजारच केला नाही. "साहेब, माझ्याकडं येनाऱ्या भांड्यांत निम्म्यावरची नावं खरवडलेलीच असत्यात. भावाभावाच्या वाटन्या झाल्या की आधी नाव खरवडत्यात. कोन सासूचं नाव घासून काढतंय. ते बघून मी इचारत बसले तर लोक दुकानात पाय ठिवनार न्हाईत."

हे मला पटलं. त्याहून एक गोष्ट जास्त पटली. चोरीचा माल माहीत असलेला माणूस तो पोत्याखाली दडवतो. या बाईनं तो भर बाजारात, रस्त्यावर, पाण्यानं भरून ठेवला होता. वाटसरूला थंड पाणी मिळावं म्हणून मोडीला पाठवला नव्हता. मी हवालदारांना तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, "हां, ते बी हाय म्हना."

पण बाईला निर्दोष मानणं वेगळं आणि चोर सापडणं वेगळं. तो माणूस कसा होता? मफलर गुंडाळलेला. बोलला काय? थोडंच. बाकीचे हंडे तर कधीच वितळवायला गेले होते. मी उठता उठता विचारलं, "नवी भांडी नेली त्यावर नाव टाकून घेतलं का?" खाली दुकानाच्या कोपऱ्यात नाव टाकायचं मशीन दिसलं होतं, म्हणून विचारलं इतकंच.

"टाकलं की. बिननावाचं कोन नेतंय." मग त्या थांबल्या. "एका कळशीवर टाकलं. लग्नात द्यायची व्हती. पर ते ध्यान मला आठवतंय बगा. मी म्हनलं, नाव सांगा. तर म्हनला, नुसतं 'मामाकडून सप्रेम भेट' टाका. मी म्हनलं, आवो, कोन्त्या मामाकडून? नाव टाका, गाव टाका, फुकट हाय. तर म्हनला, तिला ठाव हाय."

जिल्ह्यात मामा किती, हे तुम्हाला सांगायला नको. मी ते जबाबात लिहून घेतलं आणि विसरलो नाही, एवढंच म्हणेन.

इकडे लग्नाचा दिवस आला. भगुनं तर आमच्या मुद्देमालाच्या खोलीत. गावातली माणसं ठाण्यावर येऊन भांडायला लागली, "आमचंच भगुनं अन् आमालाच न्हाई? कावून न्हाई?" न्यायालयाचा हुकूम आल्याशिवाय मुद्देमाल देता येत नाही, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. खरं तर मलाही फारसं पटत नव्हतं, पण नियम नियम असतो.

तेवढ्यात मावशींचा निरोप आला. माझ्यामुळं पोरीच्या लग्नाची पंगत अडायला नको, दुकानातली नवी मोठी भांडी नेऊन वापरा. गाव आधी नको म्हणालं, मग भात कशात शिजवायचा हा प्रश्न पडल्यावर हो म्हणालं. टेम्पोत भांडी घालून मावशी स्वतः आल्या. आदल्या आठवड्यात त्यांना शिव्या घालणारी माणसं तिथं, आणि त्या एकट्या. काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून मी हवालदारांना घेऊन साध्या कपड्यांत लग्नाला गेलो. वांग्याची भाजी आणि बुंदी होती हे कारण नव्हतं, असं मी हवालदारांना आजही सांगतो.

मांडवाच्या एका बाजूला रुखवत मांडलं होतं. मावशी भांड्यांचा धंदा करणारी बाई, तिची नजर आधी तिकडेच गेली. माझीही गेली. आपल्याकडे आहेराचं भांडं म्हणजे देणाऱ्याची पाटीच असते. नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव, एकानं तर सोसायटीचे माजी चेअरमन असंही टाकून घेतलं होतं. चमच्यालासुद्धा नाव सोडलेलं नव्हतं. आणि मधोमध, सगळ्यांत देखणी, एक पितळेची कळशी. तिच्यावर फक्त 'मामाकडून सप्रेम भेट'.

मावशींनी माझ्या बाहीला हात लावला. "साहेब, हे अक्षर माझं हाय."

त्याच वेळी माईकवर पुकारा झाला, मामांनी मुलीला घेऊन यावं. आणि मामा मुलीला घेऊन आला. मी त्याचा जबाब स्वतः घेतला होता. बहिणीच्याच गावात राहायचा. बहीण-मेव्हणे ऊसतोडीला गेले की तिची गुरं आणि म्हातारी सासू सांभाळायचा. मंगलाष्टकं चालू असताना तो भाचीच्या पाठीशी उभा होता आणि त्याची नजर मांडवात फिरत होती. आधी मावशींवर थांबली, मग माझ्यावर. त्याचा चेहरा उतरला, पण तो जागचा हलला नाही.

हवालदार म्हणाले, "साहेब, पळंल." मी म्हणालो, "भाचीच्या पाठीमागून मामा पळत नसतो. तुम्ही जेवून घ्या."

पोरीची पाठवणी झाली, गाडी दिसेनाशी झाली. मग तो आपण होऊन माझ्यापाशी आला. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. गुऱ्हाळाजवळच्या बाभळीखाली बसून त्यानं सगळं सांगितलं. किल्ली खुंटीची घेतली, दुधाच्या टेम्पोत पोत्याखाली भांडी घातली. "साहेब, सगळं गाव कमवायला गेलतं. मी गुरं राखत बसलो. पोरगी माझ्या खांद्यावर वाडली. तिच्या लग्नात मामा म्हनून रिकाम्या हातानं कसं हुबं ऱ्हायचं?" मग म्हणाला, "नाव टाकायला मात्र हात धजला न्हाई. गावाचं नाव घासून आल्यावर स्वतःचं कसं टाकायचं?"

मला त्याचा राग आला, आणि कणवही आली. दोन्ही खरं सांगतो. गावाच्या पंगतीची भांडी विकून त्यानं ज्या लग्नासाठी आहेर घेतला, त्याच लग्नाची पंगत भांड्यांवाचून अडायची वेळ आली होती. मी त्याला तसं तोंडावर बोललो.

अटक झाली, कागदपत्रं झाली. कळशी जप्त करायला भाचीच्या सासरी जावं लागणार, ही मला चिंता होती. नव्या सुनेच्या दारात पोलीस म्हणजे जन्माची कुचाळकी. पण पोरगी पाचपरतावणाला माहेरी आली आणि नवऱ्याला बरोबर घेऊन कळशी स्वतः ठाण्यावर आणून दिली. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ह्येच्यातलं पानी मला गोड लागनार न्हाई. घ्या. पर मामाला मारूबिरू नका." मी म्हणालो, बाई, आम्ही कुणाला मारत नाही. तिला ते खरं वाटलेलं दिसलं नाही.

मामानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. पहिलीच वेळ, म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला, गावाला भरपाई द्यायची ठरली. भगुनं गावाला मिळालं, कळशी मावशींना. मावशींवर काहीच आलं नाही. त्यांच्या दुकानापुढे आता माठाची पाणपोई आहे, आणि मोडीचा माल आणणाऱ्याला त्या नाव, गाव, फोन विचारतात, ओळखपत्राचा फोटो घेतात आणि पावती देतात. गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट शेजारचे दुकानदार आता त्यांनाच कायदा विचारायला येतात.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं, की घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार माणूस सुरुवातीला अगदी सारखंच खोटं बोलतात. दोघांना वेगळं करायला घाई चालत नाही. त्या दिवशी गर्दीसमोर मी मावशींना जीपमध्ये बसवलं असतं, तर पुढे निर्दोष सुटूनही त्यांचं दुकान उघडलं नसतं. माझ्या पोलिसी गोष्टींपैकी ही न केलेली अटक मला सगळ्यांत जास्त समाधान देते.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी मावशींचा फोन आला. मामा त्या साली पहिल्यांदाच कारखान्यावर ऊस भरायच्या कामाला गेला होता आणि परत आल्या आल्या आधी दुकानात आला होता. मावशींनी ती कळशी विकली नव्हती, वरच्या फळीवर ठेवली होती. त्यानं कमाईचे पैसे पुढे ठेवून तीच विकत मागितली.

"पावती दिलीत का?" मी विचारलं.

"दिली की. सही बी घेतली." मावशी हसत होत्या. "जुनी अक्षरं तशीच ठिवा म्हनला. 'मामाकडून'च्या म्होरं नाव टाका म्हनला. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका. एवढं मावंना, साहेब. शेवटी कळशी फिरवून पाठीमागनं लिवत आनलं."