वळसंगजवळचा पिवळा बोर्ड

सोलापूरला रेल्वे पोलिसात असतानाची एक केस अजून मनातून जात नाही. निवृत्तीला सहा महिने उरले होते. वळसंगच्या बाजूला रेल्वेच्या विजेच्या तारांचं काम नुकतंच संपलं होतं. गाड्या जास्त वेगाने धावाव्यात म्हणून तारांचा ताण वाढवला, तारा धरून ठेवणारे जुने ब्रॅकेट बदलले. काम चालू असेपर्यंत तिथे 'गाडी हळू न्या' असं सांगणारा पिवळा बोर्ड असे. काम संपल्यावर तो काढून रुळांच्या कडेला टाकला, आणि काही दिवसांनी तो पुन्हा उभा दिसू लागला.

चालकाला मिळणाऱ्या वेगाच्या सूचनांच्या कागदात नोंद नसली तरी बोर्ड दिसला की गाडी हळू करावीच लागते. एका गाडीच्या चालकांची लेखी तक्रार आली, गुन्हा दाखल झाला. मी तारांच्या कामाच्या ठेकेदाराचे दोन मजूर दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले. उगाच! शेवटी रुळांवर गस्त घालणाऱ्याने खबर दिली, "साहेब, बोर्ड मंगळवारी आन् शुक्रवारी सकाळीच दिसतोय की."

शुक्रवारी साध्या कपड्यांत तुरीच्या शेतात दबा धरला. साठीचा एक शेतकरी आला, बोर्ड रोवला आणि बाभळीआड उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, ताजी दाढी. घातपात करायला कोणी दाढी करून येत नाही, एवढं नोकरीत कळलं होतं. गाडी हळूहळू पुढे गेली आणि आम्ही त्याला धरलं.

ठाण्यात त्याचा जबाब घ्यायला बसलो. मी त्याचं आडनाव लिहिलं आणि पेन थांबलं. तक्रारीखाली सहायक चालक म्हणून एका बाईची सही होती. तेच आडनाव.

"मुलगी तुमची?"

"लगीन झालं तरी माजंच नाव लावती व्हय ती?" म्हणाला आणि ढसाढसा रडला.

तिने तीन वर्षांपूर्वी मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून याने तिला उंबरा चढू दिला नव्हता. "काम चालू हुतं तवा मंगळवारी-शुक्रवारी इंजिनात तिचं तोंड दिसायचं. आता गाडी लई जोरात जाती, साहेब. न्हाय दिसत."

"मग फोन करायचा."

"कुटल्या तोंडानं? मला काय बी करा, तिच्या नोकरीला धक्का नको."

मुलगी जबाबाला आली. वडिलांचं नाव ऐकूनही तक्रारीतला शब्द बदलला नाही. सही केली आणि मग हळूच विचारलं, "मी नीट दिसायचे का हो त्यांना?"

"बाहेर बाकावर बसलेत. तूच विचार."

गुन्हा तो गुन्हाच. कागद कोर्टात गेले. पण दुसऱ्याची चूक सिद्ध करण्यात हयात गेलेल्याला स्वतःची कबूल करणं किती जड जातं, ते मला त्या बाकाकडे बघून कळलं. माझाही मुलगा भांडून पुण्याला गेला होता. वर्षभर बोलणं नव्हतं. त्याची फार आठवण यायची. नंबर पाठ होता, तरी त्याला फोन लावायला मला त्यानंतरही आठ दिवस लागले.