केदारखेड्याचा जावई, अंबडचा पाव्हणा

चहा आधी पिऊन घ्या, न्हाईतर ठसका लागंल! माझ्याइतका शहाणा गाढव निजामाच्या साऱ्या मुलखात सापडायचा न्हाई. कसा, ते सांगतो.

मी अफू खायचो, हे तर तुम्हाला ठावंच हाय. अशी खाल्ली, अशी खाल्ली, की घरातली भांडी गेली, बैल गेला, आन् शेवटी बायको गेली. सुभद्रा सरळ बदनापूरला, माहेरी. तिचं चुकलं का? बिलकुल न्हाई.

मंग थोरल्या भावानं मला मळ्यातल्या खोपीत डांबलं. हाडं करवतीनं कापल्यावानी दुखायची, पोटात काई ठरायचं न्हाई. मी भावाला शिव्या घालायचो, तो मला पेज पाजायचा. उठलो तवा विहिरीपर्यंत चालताना धाप लागायची. पण जिद्द न्हाई सोडली! हळूहळू मोट धरली, तालमीत गेलो, जोर मारले, बैठका मारल्या. दोन-तीन वर्सांत असा गडी झालो, की आमच्या केदारखेड्याची कुत्री मला वळखंनात, भुकायला लागली!

तवा नवं धोतर नेसून बायकोला आणायला बदनापूरला गेल्तो.

सासरे ओट्यावर बसलेले. डोळ्यात मोतीबिंदू. चाहूल लागताच म्हणले, "या, या! अंबडचं पाव्हणं ना?"

अंबडचं? मी तोंड उघडलं, तवर म्हातारा माझा दंड दाबून राह्यला!

"वा! काय तब्येत हाय! पोरीचं दुसऱ्यांदा जमवायचं तर असाच गडी पाह्यजे."

आता इथंच सांगायचं ना, की मामा, मी तुमचाच जावई? पण सांगतो कशाला! जन्मात पहिल्यांदा कुणी माझा दंड दाबून वा म्हणलं व्हतं. म्हणलं, जरा ऐकू तरी.

"पहिला कसा व्हता?" मी इचारलं.

"अफूबाज! नाकात बोलायचा, बसल्या जागी पेंगायचा."

"अरारा!"

"मेला आसंल कुठंतरी."

"मेलेलाच बरा!" मला चेवच चढला हो! "असल्याचं तोंड पाहू नका. जल्दी काडीमोड घेऊन टाका. आडवा आला तर माझ्याकडं पाठवा, तंगडी मोडतो त्याची!"

म्हातारा खूश. मी त्याच्याहून खूश.

तेवढ्यात सुभद्रा पाण्याचा तांब्या घेऊन भाईर आली. मी मिशीवर ताव दिला.

"आबा," ती म्हणली, "हे अंबडचं न्हाईत. हे केदारखेड्याचेच हाईत."

म्हाताऱ्याचा हात माझ्या दंडावरून गळाला.

"अगं, चेष्टा केली!" मी म्हणलं.

"अंगणात पाय टाकला तवाच वळखलं मी. सासरी निघायला बोचकं बांधाया घेतलं. म्हणलं, आता नाव सांगतील, मंग सांगतील." तिनं तांब्या खाली ठेवला. "पहिले अफूच्या तारेत बोलायचे. आज कशाच्या तारेत बोलून राह्यले?"

मी मिशीवरला हात खाली घेतला.

"काडीमोड घ्या म्हणले ना? घेतली."

आत गेली ती गेलीच. पुढं अंबडच्या खऱ्या पाव्हण्याशी तिचा पाट लागला, म्हणतात.

मी जोडे घातले. मागून म्हातारा पुटपुटला, "काई म्हणा, तब्येत मात्र झकास केली भाड्यानं!"

आन् खोटं कशाला बोलू? तेवढ्यानंबी माझी छाती फुगलीच!