नाव घ्यायचं न्हाई

साखरबाई हे तिचं खरं नाव नव्हे. खरं लिहिलं तर तिची मुलगी ओळखू येईल, आणि त्याला कायद्याने बंदी आहे. बंदी योग्यच आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ज्यांच्यावर दातओठ खाणार आहे तेही हेच म्हणतात.

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात साखरबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की "पुढं लई जणी बसल्यात, तिकडं घ्या" म्हणून तोंड फिरवते. आमच्या गावात तिला नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं. नवरा रखमाजी "ऐकलं का" म्हणायचा आणि बाकी गाव अमकीची आई म्हणायचं. आमच्याकडे बाईला पोर झालं की तिचं स्वतःचं नाव रेशनकार्डापुरतं उरतं. अमकी म्हणजे तिची एकुलती एक लेक. तिचं नावही मी घेणार नाही.

ती कॉलेजात असताना गावातल्याच सत्यजीतने तिच्यावर बलात्कार केला. हा शब्द गावात कुणी उच्चारत नाही, 'ते प्रकरण' म्हणतात. तक्रार झाली त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलीचं नाव फिरलं, सोबत दहावी पास झाल्याचा फोटो आणि 'न्याय मिळालाच पाहिजे'. मग पोलीस स्टेशनमधून एक मॅडम आल्या. सगळ्यांना देवळात बसवून म्हणाल्या, "मुलीचं नाव घ्यायचं नाही, फोटो टाकायचा नाही. पीडिता म्हणायचं. नाहीतर दोन वर्षं आत जाल."

गाव हादरलं. सोसायटीचे चेअरमन पोपटराव उठून म्हणाले, "आजपास्नं नाव घ्यायचं न्हाई. गावावर केस नको." गाव करी ते राव न करी म्हणतात, ते खोटं नाही. इथे हेल्मेटचा कायदा कुणी पाळत नाही, पण हा मात्र अक्षर न् अक्षर पाळला.

दुसऱ्या दिवशी साखरबाई गिरणीत दळण आणायला गेली. गिरणीवाल्याची जीभ सवयीने अमकीच्या नावाकडे वळली, थबकली आणि तो म्हणाला, "पीडितेच्या आईचा डबा झाला." कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. मग रखमाजी पीडितेचा बाप झाला. म्हैस कुणाच्या रानात शिरली की "पीडितेची म्हैस आली, हाकला" असं लहान पोरंही ओरडायची.

साखरबाई पोपटरावांकडे गेली. "आप्पा, मला साखरबाई म्हणा की."

"अगं, तुजं नाव घेतलं म्हंजी तिचंच घेतल्यावानी हाय. कायद्यात बसत न्हाई."

याच दिवसांत सत्यजीत जामिनावर सुटून आला होता आणि एसटी स्टँडवर त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. त्याच्या नावाला बंदी नव्हती, म्हणून ते हातभर अक्षरात होतं. मला तो फ्लेक्स जाळावासा वाटला होता. पुढे त्याला शिक्षा झाली. निकालपत्रात मुलीचं नाव कुठेही आलं नाही. कोर्टानेही कायदा पाळला.

मुलीला तोवर दौंडला भिमामामाकडे ठेवलं होतं. तिथे ती एका मेडिकलमध्ये कामाला जायची आणि लोक तिला तिच्या नावाने हाक मारायचे. साखरबाईला एवढंच जपायचं होतं, की दौंडला काही कळू नये. पाटसकडचं स्थळ आलं. मुलाला सांगायचं की नाही यावरून मायलेकी भांडल्या. लेकीला सांगायचं होतं. आईने सांगू दिलं नाही.

साखरपुडा दौंडला, मामाच्या दारात मांडव घालून. भावकीला टाळलं असतं तर भावकीने तोंड वाजवलं असतं, म्हणून साखरबाईने मोजक्या बायका नेल्या. त्यांत मी होते. तिने जीपमध्ये बसायच्या आधी प्रत्येकीचे हात धरले. "तितं मला साखरबाई म्हणा." सगळ्यांनी वाटभर सराव केला, हसत हसत.

मुलगी पाटावर बसली, ओटी भरायची वेळ झाली. आतून आमच्यासोबत आलेल्या सविताने हाक दिली, "ओ पीडितेची आई, कुकवाचा करंडा कुठं ठिवला?"

मुलाच्या आईने मान वर केली. "पीडिता कोण?"

साखरबाई म्हणाली, "माझी थोरली. तिच्यासंगं वंगाळ झालं व्हतं. गेली ती. शुभकार्यात कशाला काढायचं, म्हून बोललो न्हाई."

रखमाजीने मान खाली घातली. पाहुण्यांना ते बापाचं दुःख वाटलं. मुलगी आईकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली, एवढी की डोळ्यांतलं काजळ गालांवर ओघळलं. मुलाच्या आईने तिला जवळ घेतलं. "रडू नगं. बहीण गेली, पर आता आमी हाय की."

परतीच्या वाटेवर सविता जीपमध्ये म्हणाली, "म्या नाव तर न्हाई ना घेतलं?" न्हाई, असं सगळ्या एकसुरात म्हणाल्या. मी थोबाडीत मारली असती, पण मध्ये दोघी बसल्या होत्या.

लग्न झालं. सासू खरंच मायाळू निघाली. यंदा सर्वपित्री अमावास्येला ती सुनेला म्हणाली, "तुज्या बहिणीची तिथी ठावं न्हाई, तिच्या नावानं एक पान आपणच ठिवू. तिला काय आवडायचं?" सुनेने घेवड्याची भाजी सांगितली. ती तिची स्वतःची आवडती. खीर, वडे, भाजी, सगळं तिनेच रांधलं आणि पान घेऊन तीच गच्चीवर गेली.

हे मला साखरबाईने बाजारात सांगितलं, जुड्या बांधता बांधता. कावळा शिवला का, एवढंच मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "लगीच शिवला."