डाव्या हाताची दाढी

श्यामसुंदर लवाटे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना काशीयात्रेपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपदापर्यंत सगळं सुचवलं. त्यांनी वस्तरे जमवले. जुन्या बाजारात सायकलचा पंप शोधताना गंजलेला एक वस्तरा हाताला लागला, तो त्यांनी घरी आणला, आणि नारायण पेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरातला ओट्याचा एक कोपरा पत्नी हेमाताईंच्या हातून गेला तो गेलाच.

बारीक पॉलिश पेपरनं गंज उतरवायचा, शिंगाच्या मुठीला गेलेली चीर भरायची, दगडावर धार काढायची, मग ती चामड्याच्या पट्ट्यावर मऊ करायची. शेवटी स्वतःची दाढी. त्याशिवाय वस्तरा पेटीत जात नसे.

"ज्यानं दाढी होत नाही तो वस्तरा नव्हे, लोखंडाची पट्टी," असं ते म्हणत.

"आणि ज्याला चारचौघांसारखी दाढी करवत नाही, त्याला काय म्हणायचं?" हेमाताई विचारत.

पट्ट्यावर वस्तरा ओढताना पाठ पुढे आणि धार मागे राहावी लागते. टोकाला गेल्यावर पातं पाठीवरच उलटायचं. हे इतक्या वर्षांत हाताला सांगावं लागलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सांगावं लागलं, तरी हातानं ऐकलं नाही. धार आधी फिरली आणि पट्टा मधोमध कापला गेला. हेमाताईंनी पट्ट्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं थरथरत होती.

वयाचा कंप आहे, काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना वस्तऱ्यांचं माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला केयूर आला. हेमाताईंच्या बहिणीचा हा मुलगा हिंजवडीतली नोकरी सोडून बाणेरला सलून काढत होता.

"काका, सगळे वस्तरे मला द्या. भिंतीवर फ्रेम करतो, मागून वॉर्म लाइट. एकदम व्हिंटेज लुक!"

"आणि दाढ्या कशानं करणार?"

"डिस्पोझेबल ब्लेडनं. ओरिजिनल वस्तऱ्याला हल्ली हात कोण लावतं?"

"मी लावतो."

"अहो, लावता खरं, पण तो हात जागेवर राहतो का?" हेमाताई म्हणाल्या. त्या चेष्टेनं म्हणाल्या नव्हत्या. नवरा आत मानेला पातं लावून उभा, आणि आपण न्हाणीघराच्या दाराला कान लावून, असे दिवस त्यांना नको होते.

श्यामसुंदररावांनी पेटी बंद केली. भिंतीवर गेलेला वस्तरा पुन्हा कुणी उघडणार नव्हतं. "होळीनंतरच्या रविवारी ये," ते केयूरला म्हणाले. "तुझ्या मावशीसमोर दाढी करतो. नाही जमली तर पेटी तुझी. खिळे ठोकायला मीच येईन."

"पण तोवर चेहऱ्याला पातं लावायचं नाही," हेमाताईंनी अट घातली.

उजवा हात ऐकत नव्हता, पण डावा होता की! दुसऱ्या दिवशी ते फुग्यांचं पाकीट घेऊन आले. नवशिके कारागीर फुग्यावर फेस फासून शिकतात, असं त्यांनी ऐकलं होतं. फुगा वाडग्यात बसवायचा, फेस लावायचा आणि डाव्या हातातल्या वस्तऱ्यानं तो फेस काढायचा. पहिला फुगा फुटला तेव्हा फेस हेमाताईंच्या चष्म्यावर उडाला.

"काय लवाटे, कुणाचा वाढदिवस?" खालच्या मजल्यावरच्या श्रीधरपंतांनी जिन्यात विचारलं.

"वाढदिवस नाही हो. माझंच बारसं आहे."

फुगे फुटत राहिले, ते नवे आणत राहिले. डाव्या हातानं भांग पाडायला लागले, दात घासायला लागले. दगडावर धार काढताना मात्र दोन्ही कोपरं ओट्याला टेकवून वस्तरा दोन्ही हातांनी धरत. पात्याची पाठ दगडाला चिकटून असली की थरथर आडवी निघून जाते, धारेला लागत नाही, हे त्यांना हळूहळू उमगलं. पुढे फुगे फुटेनासे झाले.

ठरल्या रविवारी केयूर आला. श्यामसुंदररावांनी फेस लावला आणि वस्तरा डाव्या हातात धरला. डावा गाल मान कलवल्यावर आपोआप ताणला गेला आणि पातं सरसर उतरलं.

"काका, मानलं! पुरे आता."

"अर्धीच?"

उजवा गाल अवघड होता. हात नाकासमोरून पलीकडे न्यावा लागत होता, आणि सैल पडलेली कातडी दुसऱ्या हातानं ताणून धरावी लागत होती. वाडग्यातला फुगा कधी धरावा लागला नव्हता. थरथरती बोटं गालावर टेकली, कातडी पात्याखाली सरकली आणि हनुवटीजवळ फेसात लाल रेघ उमटली.

हेमाताई तुरटी घेऊन पुढे झाल्या. "ठेवा खाली."

"तुरटी लाव. मग पुढची करतो."

"अहो, रक्त आलंय!"

"आलंय. डावा हात चुकला नाही, हेमा. हा चुकला." त्यांनी उजवा हात वर केला.

हेमाताईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग वस्तरा धरलेल्या हाताकडे. तो खरोखरच स्थिर होता. त्यांनी तुरटी फिरवली, पदराला हात पुसले आणि दोन बोटांनी त्यांचा गाल कानाकडे घट्ट ताणून धरला.

"करा."

पातं पुन्हा गालावर टेकलं.

"मावशी, मग माझ्या भिंतीचं काय?"

"तिथे कॅलेंडर लाव," हेमाताई मान न वळवता म्हणाल्या. "आणि आता गप्प बस, यांचा हात हलेल."