हमीदाबुबूनं घर मोकळं करून दिलं

हमीदाबुबूच्या खोलीत पाहुणा आला की ती स्वतः जिन्यावर जाऊन बसायची. मी दुबईत देराला नवी आले त्या दिवशी ह्यांची ड्यूटी सुटली नव्हती आणि चावी ह्यांच्यापाशी. बुबूनं मला हाताला धरून आत नेलं, आपली वळकटी उचलून शेजारी ठेवून आली, मला एसीसमोर बसवलं आणि निघून गेली. मला वाटलं, रागावली. तासाभरानं दार किलकिलं करून म्हणाली, "आडवी हो गो जरा. घरवाल्याचा पसारा दिसला की पाहुणा अंग चोरून बसतो."

बुबू म्हणजे मोठी बहीण. ती रत्नागिरीकडची मुसलमान, पण जन्म मोंबासाचा. तिचा बाप आफ्रिकेला गेला आणि तिथल्या जुन्या शहरात त्यानं घर बांधलं. त्या घरात तिची थोरली बहीण जुबेदा एकटी राहायची. बुबू इथे एका अरबाच्या घरी स्वयंपाक करायची. "इथलं खलास झालं की घरी जायचं. दोघी म्हाताऱ्या भांडत बसू," असं दर शुक्रवारी म्हणायची.

दोन हजार साल लागायच्या आधीची गोष्ट. मोंबासाचं जुनं शहर बघायला परदेशी लोक यावेत म्हणून दुबईच्या एका कंपनीनं बेत केला. राहती घरं तशीच ठेवायची, ओस घरं घेऊन तिथे टूरिस्टांसाठी खोल्या करायच्या. घरं बघायला माणसं येणार, असं जुबेदानं फोनवर कळवलं. मी तिथेच बसले होते. बुबू तिला पुन्हा पुन्हा बजावत होती, "घर मोकळं करून दे. गाद्या, भांडी, कपडे, सगळं शेजारी ने. तूपण समोर थांबू नको. बघू देत आरामात."

जुबेदानं तसंच केलं. सरबताचा जग ठेवून ती शेजारी गेली. माणसांनी सरबत प्यायलं आणि कागदावर लिहिलं, घरात कुणी राहत नाही.

पुढे कंपनीनं दुबईतल्या एका हॉटेलात मीटिंग ठेवली. सगळ्यांची मतं घेणार होते. बुबूनं मला सोबत नेलं. "तू नुसती बाजूला बस. मला धीर येतो." हॉटेलवाल्याला समुद्राकडच्या खिडक्या हव्या होत्या. ट्रॅव्हल्सवाल्याला गल्ल्यांतली मच्छी नको होती. मग बुबू उठली आणि हिंदीत म्हणाली, "घर खाली नहीं है. मेरी बहन है उसमें."

कंपनीच्या मॅनेजरनं फोटो दाखवला. उघड्या भिंती, रिकाम्या खुंट्या. "बहन है तो सामान कहाँ है, खाला?"

"मेहमान आनेवाले थे, इसलिए हटाया."

लोक हसले. बुबू माझ्याकडे वळली. "सांग गो ह्यांना. तू ऐकलंस ना, मीच सांगितलं तिला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चौथी शिकलेली, चार माणसांत कधी तोंड उघडलेलं नाही. मी गालिच्याकडे बघत राहिले. मॅनेजर म्हणाला, "शुक्रिया खाला, आपकी राय लिख ली," आणि पुढच्या माणसाला माईक दिला.

 टॅक्सीतून उतरताना ती म्हणाली, "तुझा काय दोष? मी माझ्याच जिभेनं तिला घराबाहेर काढली."

तिनं नोकरी सोडली, व्हिसा रद्द केला आणि बहिणीकडे गेली. त्यानंतर एकदाच तिचा फोन आला. घराला कंपनीचं कुलूप होतं. दोघी समोरच्या घराच्या व्हरांड्यात राहत होत्या. घराला रंग लागला होता, गोरे लोक येऊन राहत होते.

"जुबेदाला काही पटत नाही गो," ती म्हणाली. "रोज सकाळी गादी गुंडाळते आणि मला विचारते, पाहुणे कधी जाणार? मी म्हणते, इन्शाल्ला, उद्या. किती दिवस उद्या म्हणू?"