शेवटची मॅच

चावीवाल्या काकांना रेसलिंगबद्दल वाकडा शब्द खपत नसे. "सगळं आधीच ठरलेलं असतं हो," असं कुणी म्हणालंच, तर हातातली कानस बाजूला ठेवून ते त्याची शाळा घेत. "असतंच ठरलेलं. पण दहा फुटांवरून पाठीवर पडून दाखवा. खालचा झेलतो म्हणून वरचा वाचतो." गिऱ्हाईक बिचारं चावी घेऊन सटके.

हे सगळं ऐकून घेणारा एकच होता, त्यांचा मुलगा. तो लहान असताना दोघं पलंगावर बसून मॅच बघत, आणि टीव्हीपेक्षा जास्त आरडाओरडा घरात होई. आता मुलगा दूरच्या शहरात. काकू जाऊन चार वर्षं झालेली. आठवड्यातून एक फोन: जेवलात का, गोळी घेतली का, ठेवतो.

एका रेसलरवरचा पिक्चर लागला तेव्हा मुलगाच म्हणाला, "बाबा, रविवारी दुपारचा शो तुम्ही तिकडे बघा, मी इकडे बघतो. सुटल्यावर निवांत बोलू." काकांना आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

पिक्चर झकास होता. पडणं अस्सल, गुडघ्याला पट्टी गुंडाळणं अस्सल. शेवट मात्र खटकला. म्हातारा रेसलर शेवटच्या मॅचसाठी बूट बांधतो, दारापाशी उभा राहतो, आणि खलास. मॅच दाखवलेलीच नाही. याला काय अर्थ आहे? काका बाहेर बाकावर बसून मुद्दे जुळवत राहिले. अर्धा तास सहज पुरले असते.

फोन आला.

"कसला भारी होता ना, बाबा?"

"तुला काय आवडलं ते सांग आधी."

"शेवटची मॅच. म्हातारा जिंकला तेव्हा मी तर उभाच राहिलो."

काकांनी ओळखलं. पोरगा पिक्चरला गेलाच नव्हता. चांगला फैलावर घ्यावा असं क्षणभर वाटलं. पण मग तो ओशाळला असता, कामाचं काहीतरी सांगून फोन ठेवला असता, आणि पुढचे सात दिवस परत घरात एकट्याने काढायचे होते.

"मी पण उभा राहिलो रे," काका म्हणाले. "आणि त्याने त्या धिप्पाडाला डोक्यावर उचललं तेव्हा?"

"ते तर भन्नाटच. मला वाटलं, आता पाठ मोडते याची."

"मोडली असती. पण दोरीला पाय टेकवला ना त्याने."

"हो, हो, दोरीला."

मग दोघांनी मिळून ती न झालेली मॅच पाऊण तास रंगवली. एवढं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.