दोन टोल्यांचा काढा

पाठमोऱ्या माणसाला नुसत्या खोकल्यावरून ओळखणारा इसम अख्ख्या कंधारात एकच आहे, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. एसटीतून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी. सगळी गल्ली त्यांना कंडक्टरकाका म्हणते. कंधार, लोहा, नांदेड या एका रस्त्यावर त्यांची हयात गेली. गाडी भरली की चेहरे दिसत नाहीत, खोकले मात्र ऐकू येतात, असं त्यांचं म्हणणं. मागच्या बाकावरचा खोकला बिडीचा की सर्दीचा, हे ते तिकीट देता देता ताडत. खरंखोटं ते जाणोत, पण पैज लावायची हिंमत मी करणार नाही. सकाळी मी ‘जय भीम, काका’ म्हटलं की ते ‘जय भीम’ म्हणत आणि त्याला जोडूनच ‘घसा धरून राहिला सर तुमचा’ असंही म्हणत. संध्याकाळपर्यंत घसा खरोखरच धरलेला असे.

एकदा का खोकला त्यांच्या कानावर पडला की सुटका नव्हती. कुंपणाला लावलेल्या अडुळशाची पानं, तुळस, गवती चहा, ठेचलेलं अद्रक, मिरे आणि ज्येष्ठमधाची काडी असा सगळा ऐवज अंगणातल्या चुलीवर एका काळ्याठिक्कर गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, उकळायला लागे. पाणी आटून निम्मं व्हायचं, तोवर रोग्याने समोरच्या बाजेवर बसून राहायचं. काढा झाला की काका गंजाच्या काठावर पळीने दोन टोले द्यायचे, टण टण. नोकरीत असताना दोन घंट्या दिल्या की गाडी सुटायची, तशी आता काढ्याची गाडी सुटायची. टोले ऐकू आले की भिंतीपलीकडे माझी बायको आपणहून पेला विसळायला घ्यायची. गूळ किती घालायचा हे रोग्याच्या वागणुकीवर ठरे. मी एकदा ‘फारच कडू आहे हो’ असं बोलून गेलो, तर पुढचे दोन दिवस मला गूळच मिळाला नाही. ज्या अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही तो मी मास्तर असून निमूट प्यालो.

लोह्याच्या एका लग्नातली गोष्ट तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. मंडपात वधूपिता दोनदा खोकले. काका जागेवरून उठले ते थेट आचाऱ्याकडे गेले, आणि पिशवीतून पानं काढून त्यांनी मोठ्या पातेल्यात काढा टाकला. ही पिशवी प्रवासातही त्यांच्या खांद्याला असते. वाढप्याने चहा समजून तो वऱ्हाडाला वाटला. मुलाकडची माणसं पहिल्या घोटाला एकमेकांकडे पाहत राहिली, पण रुसवाफुगवा नको म्हणून सगळ्यांनी पेले संपवले. काका मात्र वर्षभर सांगत होते की त्या लग्नात एकही माणूस आजारी पडला न्हाई.

असा हा माणूस, आणि त्याच्याकडूनच चूक झाली ती घरात. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काकूंना खोकला लागला. काकांनी रोज सकाळ-संध्याकाळ काढा केला आणि रोज विचारलं, कसं वाटतंय. काकू रोज म्हणाल्या, ‘उतार हाय.’ नवरा एवढ्या हौसेने चुलीपुढे बसतो, त्याला उतार नाही असं कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून त्या खोकला पदरात दाबायच्या आणि तो अगदीच आवरेना तेव्हा मागच्या दारी जाऊन खोकायच्या. भर गर्दीत खोकले निवडणाऱ्या माणसाला घरातला खोकला महिनाभर ऐकू आला नाही. लातूरला नर्स असलेली त्यांची मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली. आईला मिठी मारतानाच तिच्या हाताला बरगड्या लागल्या, आणि ती तशीच आईला दवाखान्यात घेऊन गेली. टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

काकू बऱ्या झाल्या, अंगाने भरल्या, पुन्हा आम्हा सगळ्यांना दमात घ्यायला लागल्या. काका मात्र पार मिटले. गंज घासूनपुसून त्यांनी माळ्यावर टाकला. कोणी खोकत आलं की दवाखान्यात जा म्हणत आणि मान फिरवून बसत. बाज रिकामी पडली, अडुळसा माजून भिंतीवरून आमच्याकडे वाकला. संध्याकाळी तो टण टण आवाज येईना तेव्हा मला कळलं की आपण काढ्याला शिव्या देत देत त्या आवाजाची वाट पाहत होतो. मला फार वाईट वाटलं.

एका संध्याकाळी काकूंनी मला भिंतीपाशी बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, ‘सर, तुम्ही जरा खोकून बघा की यांच्यापुढं. असंच बसून राहिले तर माणूस हातचा जाईल माझा.’

मी म्हटलं, तुम्हीच का मागत नाही काढा? त्यावर त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, ‘माझ्यावर इश्वास न्हाई राहिला त्यांचा. मीच घालवला.’

मग मी काय करणार? वर्गात मुलांच्या खोट्या पोटदुख्या पकडण्यात माझी सगळी वर्षं गेली, आणि आता मीच काकांच्या अंगणात उभा राहून घसा खरवडून खोकलो. एकदा खोकलो, दोनदा खोकलो. तिसऱ्यांदा तर जरा वाकून, छातीला हात लावून खोकलो. काकांनी मान वर केली नाही. तसेच म्हणाले, ‘सर, हा खोकला घशातून आला न्हाई. हा माझ्या बायकोकडून आला.’

मला भिंतीत शिरावंसं वाटलं. दारात उभ्या काकूंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपलं नाही. काका काकूंकडे पाहत राहिले. मग उठले, माळ्यावरून गंज काढला आणि पानं तोडायला गेले. पाणी उकळत असताना त्यांनी मला नवा नियम ऐकवला. ‘तीन दिसांचं तिकीट हाय हे. चौथ्या दिशी खोकला दिसला तर मी सोता दवाखान्यात नेऊन बसवीन. महिनाभर वाट बघायची न्हाई.’ खोकला नसलेल्या मला त्यांनी हे फार गंभीरपणे सांगितलं, आणि मीही मान डोलावली. आता गल्लीत तोच कायदा चालतो.

काढा निम्म्यावर आला. पळी हातात घेऊन काका थांबले. काकूंना त्यांनी बाजेवर बसवलं, कसं वाटतंय ते विचारलं. काकू म्हणाल्या, ‘बरं हाय.’

‘तू बोलू नकोस,’ काका म्हणाले, आणि त्यांनी काकूंच्या पाठीला कान लावला. लांब श्वास घे म्हणाले, काकूंनी घेतला. पुन्हा घे म्हणाले, काकूंनी पुन्हा घेतला. त्यांनी डोळे मिटले होते. मी दुसरीकडे पाहत होतो, कारण हे मी बघण्यासारखं नव्हतं, पण मला तिथून हलवतही नव्हतं. बऱ्याच वेळाने ते उठले, चुलीपाशी गेले आणि गंजावर दोन टोले दिले. भिंतीपलीकडे माझ्या बायकोने पेला विसळल्याचा आवाज आला.